शाफ्टवरचे शेंदराचे ठिपके

मिस्त्री, काल दादरला एका हौशी माणसाने त्याची जुनी गाडी बघायला बोलावलं होतं. तीस मैलांच्या वर गेली की तिचं अंग कापतं म्हणाला. या वयात मी गाडीखाली शिरलो तर बाहेर काढायला दोन माणसं लागतात, तरी शिरलो. खाली पाठ टेकली आणि चिंचपोकळीचं तुमचं गॅरेज आठवलं. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतोय, आज वही घेऊन बसलो. घरात सांगितलं तर म्हणतील, म्हातारा चळला.

तुम्ही मला कामावर घेतलंत तेव्हा आमच्या चाळीने धम्माची दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं. तुम्ही जात विचारली नाहीत, पान्यांचे नंबर विचारलेत, आणि पहिल्याच दिवशी गॅरेजच्या माठातलं पाणी स्वतः काढून दिलंत. संयुक्त महाराष्ट्राची सभा असली की तुम्ही दुपारीच फळ्या लावायचात आणि मलाही बरोबर न्यायचात. तक्रार करावी असं काही नव्हतं. पण खंडेनवमीला तुम्ही पान्यांना, जॅकला शेंदूर लावलात आणि मला म्हणालात, हात जोड. मी बाजूला उभा राहिलो. तुम्ही पुन्हा म्हणाला नाहीत, तरी मला ते लागून राहिलं. दीक्षा नवी होती, आणि तेव्हा मला पेटायला वेळ लागत नसे.

दसरा झाल्यावर परळच्या डॉक्टरांची गाडी आली. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा तो लांब, दोन भागांचा शाफ्ट, त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजला होता. तुम्ही शाफ्ट उतरवून माझ्याकडे दिलात. बघतो तर त्याच्या दोन्ही भागांवर शेंदराचा एकेक ठिपका. आता लोखंडाच्या दांड्याचीही पूजा, म्हणून मी चिडलो. दोन्ही ठिपके खसाखसा पुसून टाकले, शाफ्टचे भाग वेगळे करून क्रॉस बदलला, पुन्हा जोडून गाडीला बसवला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर परत आले. गाडी आधीपेक्षा जास्त थरथरत होती आणि त्यांना सभेसाठी वक्ते घेऊन साताऱ्याला निघायचं होतं. तुम्ही मला शेजारी बसवून गाडी काढलीत. पुलाच्या उतारावर वेग धरलात, मग न्यूट्रल करून इंजिनच बंद केलंत. थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचा काही दोष नाही, क्लचचाही नाही, दुखणं मागे आहे, असं तुम्ही शांतपणे समजावत होतात. मी खिडकीबाहेर बघत होतो.

शाफ्टच्या दोन टोकांचे, क्रॉस धरणारे कान एका रेषेत असावे लागतात. मी बसवलेले तिरपे होते. तुम्ही दोन्ही भागांवरून बोट फिरवलंत.

"खूण खंय गेली रे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रंगाचा डबा संपला होता म्हणून तुम्ही खंडेनवमीचा उरलेला शेंदूर खुणेला वापरला होतात; ठिपक्यासमोर ठिपका आला की कान जुळतात. कबूल केलं तर काम जाणार होतं. घरात कमावणारा मी एकटा होतो.

"धुताना घासलेटाने गेली असेल," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंत. मग शाफ्ट सोडवलात, कान जुळवून पुन्हा बसवलात आणि गाडी त्याच उतारावर नेऊन आणलीत. आता मात्र ती पाण्यावरून गेल्यासारखी गेली. डॉक्टरांनी विचारलं, चूक कोणाची.

"माझी," तुम्ही म्हणालात. "खूण नीट केली नाय मी."

डॉक्टर तुमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, आणि ते तुम्हाला ताडताड बोलत राहिले. तुम्ही हात बांधून ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खुणेला पंच मारायला लागलात, लोखंडावर बारीक ठोका. कोणत्याही सुट्या भागाला त्यानंतर शेंदूर लागला नाही, आणि मला पुन्हा कधी कोणी हात जोडायला सांगितलं नाही. तुम्हाला सगळं कळलं होतं की काय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहितो. ती खूण मी रागाने पुसली. तुम्ही डॉक्टरांपुढे उभे होतात तेव्हा मला शरम वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मुलापुढे हीच गोष्ट सांगून मी रडलो, मिस्त्री. त्यातही मी घासलेटच सांगितलं.