लाइन वर का गेली नाही?

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

तुझा व्हॉइस मेसेज पोचला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा आबांची दाढी करत होते. मेसेजभर तू एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला आहेस. एका गोलने पुढे असताना, मॅच संपत आलेली असताना, आपली लाइन वर का गेली नाही? चारही बॅक एकदम मागे का पळाल्या? त्यांना मागे जायला सांगितलं कुणी? तू इतक्या पोटतिडकीने बोलत होतास की मधेच वहिनी 'हळू बोला' म्हणालेली पण ऐकू आली. पुण्यात सातव्या मजल्यावर सोफ्यात बसून, मोबाइलवर सोलापूरच्या मुलींची मॅच बघून तुझं रक्त इतकं आटतं हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उत्तर फोनवर देणार नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. 'आबा कसे आहेत' विचारतोस आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणतोस, 'बरं, लेफ्ट बॅकला कोण होतं?' पत्राला असं मधे अडवता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

तर आधी तुझी लेफ्ट बॅक. ती सध्या वैरागला सासरी आहे. दिवाळीनंतर लग्न झालं, बूट धाकट्या बहिणीला देऊन गेली. तिच्या जागी मी विंगवरची पोरगी खाली ओढली आहे. तिचा डावा पाय फक्त उभं राहण्यापुरता आहे. स्टॉपरला, बॅकच्या मधोमध, उत्कर्षा. तिचं डोकं तुझ्यापेक्षा चांगलं आणि पाय माझ्यापेक्षा जड. चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळतं, म्हणून ती हळू पळूनही वेळेवर पोचते. पण तिच्या मागे मोकळं मैदान ठेवलं तर ती पोचणार नाही, हे तिलाही माहीत आहे. गोलमध्ये रुक्मिणी. हात चिकट आहेत, पण गोलसमोरची डी सोडून बाहेर यायचं म्हटलं की ती खांबाला चिकटते. मागच्या वर्षी एकदा आली होती, नाक फोडून घेतलं. तू म्हणतोस, हाफ लाइनपर्यंत चढा आणि त्यांना ऑफसाइडमध्ये पकडा. पकडू की. पण एखाद्या वेळी चुकलं तर मागे धावणार कोण आणि पुढे येऊन थांबवणार कोण? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणू? तुला प्रत्येक गोष्टीत सिस्टीम बदलायची असते. माणसं किती आणि कशी आहेत हे तू कधी विचारत नाहीस.

आणि तरीही, दादा, बार्शीच्या मुलींविरुद्ध मी तुझंच ऐकलं होतं. आठवडाभर सकाळी शाळेच्या मैदानावर बोलावून मुलींना शिकवलं. त्यांचा पास निघायच्या क्षणी चौघींनी एकत्र पुढे यायचं, म्हणजे त्यांची फॉरवर्ड आपल्या मागे एकटी सापडते आणि शिट्टी वाजते. नवी लेफ्ट बॅक रडली, उत्कर्षाने तिला समजावलं, आणि हळूहळू जमलं. पहिल्या हाफमध्ये तू बघितलंसच. बार्शीची ती उंच पोरगी पळायची आणि लाइन्समनचा झेंडा वर जायचा. वैतागून तिने शेवटी बूट जमिनीवर आपटला. मला तेव्हा तुझी आठवण आली. म्हटलं, आता हा सोफ्यावरून उठला असेल.

मग ही लाइन शेवटी का फुटली हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. सरळ आबांकडे येते. आता तुला विषय बदलता येणार नाही.

ऑगस्टमध्ये आबा घरातून निघून गेले होते ते तुला माहीत आहे. म्हणजे तू मीटिंगमध्ये होतास, संध्याकाळी तुझा फोन आला आणि तू म्हणालास, सापडले ना, मग झालं. झालं नव्हतं. ते विजापूर रोडने मंद्रूपच्या दिशेने चालत गेले होते, पायात चप्पल नव्हती. सोमलिंग नावाच्या एका टेम्पोवाल्याने त्यांना बाभळीखाली बसवून पाणी पाजलं आणि खिशात मी ठेवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. तो मला म्हणाला, "बाई, बाबा म्हणायलेत, मॅचला उशीर झालाय." मी त्यांना आणायला गेले तर ते सोमलिंगवर चिडले होते, की या माणसाने मला उगाच अडवून ठेवलंय.

त्या दिवसापासून मी त्यांना रोज संध्याकाळी मैदानावर नेते. दुसरं करणार काय? दिवसा नागूबाई त्यांच्याजवळ बसतात, पण त्यांना स्वतःचं घर आहे, मी शाळेतून आले की त्या जातात. आबांना घरात कोंडून मी मैदानावर गेले तर ते दार वाजवत राहतात आणि शेजारचे मला फोन करतात. मी मैदानावर गेलेच नाही तर टीम गेली. म्हणून त्यांना बरोबर नेलं. पहिल्या दिवशी मी त्यांना कडेला खुर्ची मांडून दिली. ते दोन मिनिटं बसले, उठले, चालत डीच्या टोकापाशी गेले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. रेल्वेच्या टीममध्ये आयुष्यभर जिथे उभे राहिले तिथेच. सगळ्यांच्या मागे, गोलीच्या पुढे. तुला आणि मला ज्या जागेवरून त्यांनी फुटबॉल शिकवला ती जागा. मी त्यांना हलवायला गेले तर उत्कर्षा म्हणाली, मॅडम, राहू दे की.

तेव्हापासून आमच्या सरावात आबा मैदानाच्या आत असतात. आपल्या त्या मैदानाची गोलमागची भिंत पडलेली आहे, पलीकडे लगेच रस्ता, आणि साखर कारखाने सुरू झाले की त्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात. आबा त्या बाजूला वळले की कुणीतरी त्यांच्या हाताला धरलं पाहिजे. म्हणून मुली त्यांच्यापासून फार लांब जात नाहीत. कुणी ठरवलं नाही, मी सांगितलं नाही. पण उत्कर्षा एक डोळा चेंडूवर आणि एक डोळा आबांवर ठेवून खेळते, आणि ती मागे राहिली की बाकीच्या तिघीही मागे राहतात. तुला वाटतं मी भित्री कोच आहे, म्हणून माझी टीम डीमध्ये गर्दी करून खेळते. वर्षानुवर्षं तू हेच म्हणत आलास. या वर्षी त्याचं कारण धोतर-सदऱ्यात उभं असतं, दादा.

आणि ते नुसते उभे राहत नाहीत. तोच आवाज आहे अजून. माझं नाव त्यांना चार दिवसांतून एकदा आठवतं, मधेच ते मला आईच्या नावाने हाक मारतात, पण चेंडू आपल्या हाफमध्ये आला की त्यांची गर्जना ऐकावी, "मागं! मागं या!" मुली हसत हसत मागे यायच्या. पुढे हसणं बंद झालं आणि नुसतं मागे येणं राहिलं. सवय लागली.

बार्शीच्या मॅचला नागूबाईंच्या नातीचं बारसं होतं. आबांना मी बेंचवर माझ्याशेजारी बसवलं. पूर्ण मॅच ते शहाण्यासारखे बसले, शेंगदाणे खाल्ले. आणि शेवटी बार्शीच्या एका मुलीने मधून पास द्यायला पाय उचलला, आपल्या चौघी पुढे पाऊल टाकणार, तेवढ्यात आबा उठले आणि ओरडले. तू विचारलंस ना, मागे जायला कुणी सांगितलं? आबांनी सांगितलं. चौघी एकदम मागे गेल्या. एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही. ती उंच पोरगी मोकळी सुटली आणि बरोबरी झाली. मोबाइलवर तुला आवाज ऐकू आला नसेल.

आबा मात्र खूश होते. त्यांच्या हिशोबी गोल झालाच नव्हता. त्यांनी उत्कर्षाशी हात मिळवला, शाबास म्हणाले. ती पोर रडत होती, तरी हात मिळवून 'व्हय आबा' म्हणाली.

आता येत्या रविवारची मॅच जिंकलो तरच आम्ही या लीगमध्ये राहतो. परवा अण्णाराव मैदानावर आले होते. तू त्यांना ओळखतोस, टीम चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष, माणूस वाईट नाही. बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, म्हाताऱ्याला घरी ठिवा की. न्हाईतर आमाला दुसरा कोच बघावा लागंल." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं. दादा, खरं सांगू? मला हायसं वाटलं. घरी येताना मी मनात तुझ्याशी बोलत होते. टीमचा प्रश्न आहे रे, अण्णाराव ऐकत नाहीत, मुलींचं नुकसान होतंय, तू काहीतरी कर. माझ्यासाठी नाही, टीमसाठी. इतक्या दिवसांनी मला एक कारण मिळालं होतं.

ते कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलं. उत्कर्षा सगळ्या टीमला घेऊन अण्णारावांच्या दुकानात गेली, नवी पेठेत, भर गिऱ्हाइकांत. मला हे नंतर अण्णारावांनीच सांगितलं. ती म्हणाली, "आबा न्हाईत तर आमी बी न्हाई. दुसरी टीम बगा." अण्णारावांनी हात जोडले. मला फोन करून म्हणाले, तुमच्या पोरींनी मला लाजवलं, आणा म्हाताऱ्याला, हरलो तर हरलो. नागूबाईंना ही गोष्ट सांगितली तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेत सगळ्यांना कळलं, मुख्याध्यापिकांनी प्रार्थनेनंतर मुलींचं कौतुक केलं. मी टाळ्या वाजवल्या आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने नाही. मला राग आला होता, दादा. त्या गुणी पोरींचा राग आला. त्यांनी तरी म्हणायला हवं होतं की आबांना आणू नका. सगळे इतके चांगले वागले की मला बाहेर पडायला दारच राहिलं नाही. आणि तू तर कायम म्हणतोसच, प्रिया, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. हे वाक्य तू प्रेमाने म्हणतोस, मला माहीत आहे. पण ते ऐकलं की बाहेरून कडी लावल्यासारखं होतं.

आबांना पुण्याला न्यायचं म्हटलं की आधी तू म्हणालास तुझ्या ओजसची दहावी होऊ दे. मग म्हणालास बारावी होऊ दे. मी हो म्हणत गेले. वहिनीची नोकरी, लिफ्ट, बाल्कनी, सगळी कारणं खरी आहेत, मी एकही खोटं म्हणत नाही. माझ्याकडे मात्र आता एकही कारण उरलेलं नाही. टीमला अडचण नाही, मंडळाला नाही, शाळेला नाही, नागूबाईंना नाही. अडचण फक्त मला आहे. मी थकले आहे. आबांवर माझा जीव आहे आणि तरी कधी कधी त्यांनी हाक मारली की मी मुद्दाम उशिरा ओ देते. मला पाठीमागे न बघता रस्त्याने चालायचं आहे. एवढंच. याला कुणी कारण म्हणणार नाही, पण माझ्याकडे हेच आहे, आणि तेवढ्यावरच मी तुला हे पत्र लिहिलं आहे. शनिवारी ये. मॅच बघायला येऊ नकोस, रविवारी आबांजवळ घरी बस, आणि सोमवारी जाताना त्यांना घेऊन जा. उन्हाळा संपेपर्यंत तरी. त्यांची बॅग मी भरली आहे, गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत. दूध कोमट लागतं. रात्री ते विचारतील गाडी आली का, तेव्हा लेट आहे म्हण, मग झोपतात. आणि दादा, नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नकोस. इथे येऊन, त्यांच्यासमोर, माझ्याकडे बघून म्हण.

तुझीच,
प्रिया