दुसऱ्या अंतऱ्याआधीचा सोलो

आसगाव

प्रिय संघपाल,

जय भीम. तू पाठवलेलं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. फोनच केला असता, पण माझा बसलेला आवाज कानावर पडला की तू लगेच धानाचा विषय काढतोस. म्हणून लिहून राहिले. आता गुमान शेवटपर्यंत वाच.

माझ्या गळ्याची गाठ काढल्यापासून तू सगळीकडे सांगत सुटलास म्हणे, की जयंतीले ताईच गाणार, ताईशिवाय मी स्टेजवर गिटार हातात घेणार नाही. दुसऱ्या गायिकेचं नाव काढलं म्हणून परसरामकाकाशी भांडलास. अरे, गाण्याची पार्टी त्यांची आहे! ते बिचारे कार्यक्रम कसा करतील?

असो, आधी तुझा सोलो. बोटं भारीच पळतात गा, वाद नाही. मोबाइलवर पाहून स्केल घोटलीस, एकही सूर चुकत नाही. मग त्यात गाणं काहून सापडत नाही? खाली कीबोर्डवाला कॉर्ड बदलतो आणि तू वर आपल्याच नादात. कॉर्ड बदलला की त्याच्या तीन सुरांपैकी एकावर येऊन टेक. तार ओढतोस तीही झटक्यात. गंधारावरून मध्यमावर मी कशी हळूच चढायची, तशी ओढ आणि पोचल्यावर जरा राहा. वाजवताना ओळ तोंडातल्या तोंडात गात जा. श्वास संपला की हातही थांबला पाहिजे. तू तर थांबतच नाहीस, बापा.

ती सवय कुठून लागली, हे मले माहीत नाही असं समजू नको. मागच्या वर्षी आंधळगावले दुसऱ्या अंतऱ्याआधी माझा घसा धरला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि सोलो लांबवलास. मी पाणी प्यायले, खाकरले, तरी तू वाजवतच होतास. नंतर काकांनी सगळ्यांसमोर तुले झापलं, लई हिरो झाला का म्हणून. तू माझं नाव घेतलं नाहीस. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात तेच केलंस आणि बोलणी खाल्लीस. वेड्या, मले किती भरून यायचं, ते कधी सांगितलंच नाही.

काल भंडाऱ्याले डॉक्टरले दाखवून आले. बोलण्यापुरता आवाज येईल म्हणाले, गाण्याचा येणार नाही. घरी येऊन खूप रडले. तुझ्या भाऊजींनी भाजी केली, ती खारट झाली होती, तरी दोघांनी खाल्ली. मग मीच काकाले निरोप पाठवला, की मोहाडीच्या शुभांगीले घ्या. पोरगी चांगली गाते, फक्त घाबरते. तिच्यासोबत तू वाजवायचं. दुसऱ्या अंतऱ्याआधी छान सोलो घे आणि वेळेवर थांब. आता मागे कोणी पाणी पीत नसेल, बाबू. तू थांबलास तरच ती गाईल. मी समोरच बसलेली असेन.

तुझीच ताई,
दीपमाला