हिरवी गाडी पांघरुणाखाली जाऊ नये म्हणून

मी, हेस्टर लव्हिबाँड, वय त्रेपन्न, राहणार लडलोजवळ, भाड्याच्या घरात, धंदा साप्ताहिकात गाड्यांवर सदर लिहिण्याचा, असे नमूद करते की गेल्या शनिवारी बाजाराच्या वाहनतळावर एका गृहस्थाने आपला रणगाडा, म्हणजे भली मोठी जीप, माझ्या गाडीला इतका खेटून लावला, की मला भर पावसात छत उघडून वरून आत उतरावे लागले. दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढे होऊनही माझे डोके ठिकाणावर आहे, आणि पुढचे सगळे मी राजीखुशीने, कोणी मानगुटीवर न बसता लिहीत आहे.

कलम १. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझी ही हिरवी दोन-आसनी गाडी मी भाची टॅम्सिन हिला दिली, आणि साक्षीदार म्हणून सही घेतली तिच्याच नवऱ्याची! आमच्या कायद्याने साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला त्या कागदातून काहीच मिळत नाही. वकीलबाई हसून म्हणाल्या, "बाई, गाडी तुम्ही दिलीत आणि त्याच पानावर काढूनही घेतलीत. उरलेले सगळे सामान मेहुण्यांच्या नावे लिहिलंय, आता तीही त्यातच जाणार."

कलम २. मेहुणा म्हणजे डेस्मंड. माझ्या दिवंगत बहिणीचा नवरा, टॅम्सिनचा बाप. माणूस सोन्यासारखा, पण गाडी झाकणारा. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर ते गाड्या गंजवणारे मीठ पडू लागले की आपली पिवळी दोन-आसनी 'रस्त्यावर नाही' असे सरकारला कळवतो आणि एप्रिलपर्यंत तिला मऊ पांघरूण घालतो. एप्रिलमध्ये पाऊस असतो, म्हणून मग मे. गेल्या वर्षी ती एकूण अकरा दिवस बाहेर पडली. माझ्या गाडीबद्दल तो म्हणाला, "जोडी छान दिसेल गं. गॅरेज बारा अंशांवर ठेवीन."

"डेस्मंड, गाडी आहे ती. वाइन नव्हे."

कलम ३. बँकेतली शिल्लक गावच्या सभागृहाच्या छपराला. ते माझ्या गाडीच्या छपरापेक्षा जास्त गळते.

कलम ४. हिरवीच का, याचा पुरावा. सप्टेंबरात सदरासाठी मी तीन हलक्या, परवडणाऱ्या गाड्या रोजच्या कामाला जुंपल्या. टॅम्सिन खेडोपाडी फिरणारी सुईण. म्हणून वजन तिचेच: तिची पिशवी, बाळंतिणींच्या कळा सुसह्य करणाऱ्या गॅसचे दोन छोटे सिलिंडर आणि आठवड्याचा बाजार. डेस्मंडची पिवळी साडेपाचशे किलोंची, वळणावर पाखरू; पण दारे नाहीत, छत नाही, सामानाला जागा नाही. टॅम्सिनने सिलिंडर मांडीवर घेतले आणि अंडी टोपीत. भाड्याने आणलेल्या निळीचे इंजिन पाठीमागे आणि सामान त्याच्याही मागे. घरी पोचेपर्यंत लोण्याचे तेल झाले.

हिरवी मात्र! पिशवी दाबून बसवली की सगळे मावते. टॅम्सिन रस्त्यातच ओरडली, "मावशी, मावलं! कांदेसुद्धा!" आणि मग क्ली हिलच्या चढावरचे ते वळण. साडेनऊशे किलो, तिसरा गिअर, छत उघडे, पायांवर गरम हवा, कान गार. मोठ्या गाड्या सरळ रस्त्यावर पुढे जातात, जाऊ देत. वळणावर कोण आहे माझ्यापुढे? टॅम्सिन खदखदून हसत होती. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. माझा निकाल तिथेच लागला.

कलम ५. सबब हिरवी गाडी आणि उरलेले सगळे सामान टॅम्सिनला. अटी: रोज चालवावी. दर शनिवारी खालून पाणी मारून मीठ धुवावे. समोरून छोटी दोन-आसनी आली की हात वर करावा, ती कितीही खटारा असो. मूल झाले तर हळवेपणा न करता मोठी गाडी घ्यावी आणि ही विकावी. पण रोज चालवणाऱ्यालाच.

कलम ६. साक्षीदार असे हवेत ज्यांना यातून काही मिळत नाही. तसे कोणीही चालेल, पण गाडी डेस्मंडच्या हातून जाते, म्हणून सही मला त्याचीच हवी. गुरुवारी त्याला फोन केला.

"म्हणजे मी सही केली की माझा हक्क गेला?"

"गेला."

"आणि ती पोर तिला मिठात घालणार?"

"रोज."

"विचार करतो," म्हणाला आणि फोन ठेवला. आला नाही, तर या कागदाचे मी काय करणार, मला माहीत नाही.

कलम ७. हे कलम खिडकीशी बसून लिहीत आहे. डेस्मंड आला. पिवळीतून! फेब्रुवारीत! काल सरकारला कळवून तिला रस्त्यावर आणले म्हणे. चाकांपासून आरशांपर्यंत मीठ.

"एक शब्द बोलू नकोस, हेस्टर."

"मी कुठे बोलतेय?"

"कान गारठून गेलेत माझे. आणि त्या वळणावर..." एवढे बोलून शहाणा गालात हसला. "कुठंय तो कागद?"

सही: हेस्टर लव्हिबाँड

माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही करणारे साक्षीदार:
१. डेस्मंड पिऊ
२. ग्वेंडा प्रॉसर, शेजारीण

लडलोजवळ, ७ फेब्रुवारी, सकाळी अकरा

सहीखालच्या मजकुराला कायद्यात किंमत नाही, हे ठाऊक आहे. मृत्युपत्रातून डेस्मंडला मी काही देऊ शकत नाही. त्याचेच त्याला देण्यावर मात्र बंदी नाही. सहा वर्षांपूर्वी "रविवारी परत करते" म्हणून आणलेला त्याचा जॅक, तो आत शेगडीशी हात शेकत असताना, मी पिवळीच्या शेजारच्या आसनावर ठेवला आणि पट्टा लावून टाकला.