नाळेतला खंड

१२ ऑक्टोबर २०१८, चौसाळा
आज येथील सहकारी रुग्णालयात आमचे सोनोग्राफीतज्ज्ञ म्हणून यथाविधी पदार्पण झाले. सुवर्णकलशाऐवजी टँकरच्या पाण्याची अर्धी बादली समोर आली. दुष्काळात हाच राज्याभिषेक. परिचारिका विमलबाईंनी यंत्राला हळदकुंकू वाहिले. गर्भाच्या नाळेतला रक्तप्रवाह ऐकवणारे असे यंत्र पंचक्रोशीत नाही. आम्ही प्रसन्न आहोत.

१६ ऑक्टोबर
मनकर्णा आली, आठवा महिना. उद्या ती आणि नवरा आश्रुबा ऊसतोडीला निघणार. जोडप्याला इथे एक ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम अर्धा कोयता नेत नाही. निरोगी नाळेत रक्त दोन ठोक्यांच्या मधेही वाहत राहते, अखंड. हिच्या नाळेत प्रत्येक ठोक्यानंतर स्तब्धता होती. बाळाला पुरेसे पोचत नव्हते. यंत्राच्या कौतुकापायी आम्ही आवाज वाढवला, ‘अंत्यप्रवाहलोप’ या विषयावर प्रवचन झोडले आणि आजच बीडच्या मोठ्या रुग्णालयात दाखल होण्याची आज्ञा केली. कीर्तनात डोलवावी तशी तिने मान डोलवली.

१७ ऑक्टोबर
ट्रक पहाटे गेला. दोघेही त्यातच. विमलबाई सांगतात, चढताना मनकर्णा बायांना हसत म्हणाली, “लई जोरात वाजतंय लेकरू. काय न्हाई होत त्याला.”
तो जोर लेकराचा नव्हता. बटण आम्ही फिरवले होते.
फोन लागत नाही.

२१ ऑक्टोबर
यंत्र बंद असताना वाजले. ठोका. स्तब्धता. ठोका. विमलबाईंनीही ऐकले आणि वायर काढून कपाटात ठेवली.

२४ ऑक्टोबर
वायर कपाटातच आहे. यंत्र वाजते आहे. स्तब्धता लांबत चालली — कारणमीमांसा सुचत नाही. विनोदही नाही.

२६ ऑक्टोबर
दुपारी थांबले. मागोमाग आश्रुबाचा फोन. उसाच्या फडात — मुलगी. रडलीच नाही. बांधावर पुरली. त्याने मला विचारले, एवढं जोरात वाजत होतं, मग कावून गेलं लेकरू —
मी फोन ठेवला.

३० ऑक्टोबर
मनकर्णा आली. एकटी. पोट रिकामे. आपणहून टेबलावर निजली.
“लावा की, डागदर सायेब. वाजतंय अजून.”
तिचे मन राखावे म्हणून लावले. वायर नाही, काही नाही —
वाजते आहे. ती हसते आहे. ठोका, आणि मधे स्तब्धता नाही. अखंड. तेव्हा हवा होता तसा —
विमलबाई दाराबाहेर रडताहेत. बटण शून्यावर आणले. आवाज वाढतो —
ती विचारते आहे, आता बरं हाय न्हवं. आणि मी मान डोलवतो —