‘काळजाचं तोंड’ म्हणजे पोट, हे मान्य होणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
लोकसेवा दवाखाना, सान अंद्रेस चुवाबाह, ग्वाटेमाला.

विषय : माझ्या यजमानांचे दुखणे हृदयातून काढून पोटात नोंदवून मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांना न आलेली उत्तरे.

महोदय,

मी खाली सही करणारी एउलालिया इश्कॉय विनंतीपूर्वक कळविते की, दवाखान्यात लागणारे स्पॅनिश शिकायला आणि डॉक्टरांच्या मागे उभे राहून काम पाहायला अमेरिकेतून जी मुले आपल्याकडे येतात, त्यांना मी माझ्या घरी ठेवून घेते व जेवू घालते. मुले गुणी असतात. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही, असे लिहिणार होते. पण थोडी आहे.

१. माझे यजमान बाल्तासार यांना जेवले की पोटाच्या वरच्या खळग्यात आग होते. आमच्या कीचे भाषेत त्या जागेला ‘काळजाचं तोंड’ म्हणतात. यजमानांचे स्पॅनिश बेताचेच. त्यांनी तेच शब्द स्पॅनिशमध्ये करून सांगितले. त्या दिवशी डॉक्टरसाहेब घाईत असल्याने विचारपूस ब्रॅडली या विद्यार्थ्यावर सोपविली होती. त्याने ‘काळीज’ तेवढे ऐकले, मान डोलावली आणि ‘हृदयविकार’ लिहून मोकळा झाला. हा शब्द त्याने माझ्याच चुलीपाशी बसून घोकला होता.

२. तेव्हापासून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. शौचाला डांबरासारखे काळे होते. गोळ्या बंद करू का, असे विचारले असता डॉक्टरसाहेब म्हणाले, “बंद केल्यात तर दगावतील. पोटाचं मागाहून बघू.” विद्यार्थ्यांची प्रत्येक नवी तुकडी यजमानांच्या छातीला नळी लावते आणि प्रत्येकाला काही ना काही ऐकू येते. “इतक्या जणांनी ऐकलंय बाई, चूक कशी असेल?” असे मलाच विचारण्यात आले. काय बोलणार, कपाळ!

३. गेल्या खेपेस आलेल्या केंड्राने मात्र आमचे कीचे शब्दही विचारून घेतले. तिने यजमानांच्या खळग्यावर हलकेच दाबले, ते कळवळले, तशी पोर रडकुंडीला आली. “सेन्योरा, हे पोट आहे! आत रक्त जातंय!” तिने हे डॉक्टरसाहेबांना सांगितले. उत्तर मिळाले की, विद्यार्थ्यांनी फक्त पाहायचे, कागदाला हात लावायचा नाही. महोदय, लिहिताना विद्यार्थी चालला आणि खोडताना चालत नाही, हा कुठला न्याय? केंड्रा शनिवारी मायदेशी गेली.

४. यजमान आता उभे राहिले की भोवंडतात. मक्याची पेजसुद्धा नको म्हणतात. हृदयाच्या रोग्याला राजधानीतल्या पोटाच्या डॉक्टरांची चिठ्ठी देता येत नाही, असे आपले कारकून म्हणतात. आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर पुढल्या वर्षी लागेल. तरी तो एक शब्द बदलून मिळावा. मिळेल अशी आशा मला फारशी नाही, पण न लिहून तरी काय करू?

काल मी यजमानांवर चिडले. म्हटले, “तोंडानं कशाला सांगत बसलात? दुखतं तिथं नुसतं बोट ठेवायचं होतं!”

ते म्हणाले, “ठेवलं होतं गं. तो पोरगा वहीत शब्द शोधत होता.”

आपल्या दारी चौथ्यांदा आलेली,
नम्र अर्जदार,
एउलालिया इश्कॉय
मंगळवार, १४ ऑक्टोबर