दारांवरचा तिसरा हात

बाबा,

तुमची स्प्रे गन अजून चालते. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतं. मागच्या आठवड्यात नॉझल थिनरमध्ये भिजवून सुईने साफ करून ठेवलं आहे. पण ती हातात घेऊन मी करायचं काय, हे मला कळेनासं झालंय, आणि विचारायला दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय ती स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या पॉलिशबद्दल. हसा खुशाल.

रिटायर झाल्यावर गाझियाबादच्या या फ्लॅटचं स्वयंपाकघर मी स्वतःच करायला घेतलं. आईला बाजारातलं मॉड्युलर किचन आवडत नाही, दवाखान्यासारखं दिसतं म्हणते. सांगाडे प्लायचे केले, दारांसाठी कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून सागाच्या फळ्या आणल्या आणि बाल्कनीत तुमच्याच रंध्याने तासल्या. अकरा दारं झाली. त्यातलं एक काटकोनात नाही, ते फ्रिजच्या आडोशाला लावायचं ठरवलंय, तुम्हीही तेच केलं असतं. दिवाळीपर्यंत सगळी रेगमालने, आपल्या पॉलिशपेपरने, घासून तयार होती आणि मग आईला न्यूमोनिया झाला. दोन आठवड्यांनी घरी आली ती नाकात नळी घेऊनच. ऑक्सिजनचं मशीन आता दिवसभर तिच्या पलंगाशी घरघरत असतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "धूल, धुआँ, पेंट की स्मेल, कुछ भी नहीं." मी विचारलं, काम होळीपर्यंत पुढे ढकलू का. ते म्हणाले, "होली तक की बात मैं नहीं करूँगा." तेव्हापासून दारं सोफ्यामागे भिंतीला टेकून उभी आहेत, कोरी, आणि आई रोज सकाळी चहाबरोबर विचारते, "लागली का गं दारं?" तिला एवढं एकच बघायचंय आणि तेवढंही माझ्याच्याने होत नाहीये.

पेंटर चार तुकड्यांवर चार नमुने मारून देऊन गेलाय. एक आपलं जुनं एनसी लॅकर, झटकन वाळतं, पण फोडणीच्या वाफेपुढे फार टिकत नाही. दुसरं मेलामाइन, टणक आहे, पण त्याचा वास कितीतरी दिवस डोळ्यांत झोंबतो. तिसरं पीयू. त्यावर हळदसुद्धा बसत नाही, काचेसारखं गुळगुळीत, पण त्यातलं हार्डनर हवेत उडलं की धडधाकट माणसाची छाती धरते, मग आईचं काय. चौथं पाण्यातलं पीयू, वास जवळजवळ नाही. तेच घेऊन मोकळी झाले असते, पण ते या थंडीत नीट धरत नाही, वाळल्यासारखं दिसतं आणि नखाने सोलून येतं. पेंटरचं आपलं एकच, "मैडम, पीयू करवा लो, माताजी को दो-चार दिन कहीं भेज दो." कुठे भेज दो? मशीनसकट? माझा आवाज चढला, मग त्याला चहा करून दिला. तो म्हणाला, इथून जवळच लोणी गावात त्याची शेड आहे, तिथे नेऊन मारतो. मी जाऊन बघून आले. शेड तीन बाजूंनी उघडी आणि दुपारी बारा वाजता समोरचा ट्रक दिसत नव्हता. धुक्यात गन चालवायची नाही, हे मला शिकवायची आता कुणालाच गरज नाही.

दिल्लीतलं सरोजिनीनगरचं क्वार्टर तुम्हाला आठवत असेलच. सरकारी भिंतीत खिळा ठोकायची चोरी, म्हणून तुम्ही कपाटं सुटी केलीत, जमिनीवर उभी राहणारी, बदली झाली की उचलून नेता येतील अशी. ऑफिसातले बाकीचे रविवारी पत्ते कुटायचे आणि तुम्ही मागच्या अंगणात लाकूड तासायचात. मी कॉलेजात होते, लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला जातात ते बोटाने ओळखायला तुम्ही मला शिकवलंत, मुलीला काय करायचंय हे शिकून असं शेजारी म्हणत असताना. दिवाळीनंतरच्या उन्हात लॅकरचे दोन हात मारून झाले. तिसऱ्यासाठी गाड्या रंगवणाऱ्या सरदारजींकडून कॉम्प्रेसर परत भाड्याने आणलात आणि नेमकं धुकं पडलं. तुम्ही अंगणात उभं राहून वर बघितलंत आणि म्हणालात, "नाही. थिनर उडताना लाकूड गार पडतं, ओल त्यावर बसते आणि सगळं पांढरं होतं. आता होळीनंतर." आईचा चेहरा पडला. तिने त्या शुक्रवारी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं, निम्म्या कॉलनीतल्या मराठी बायकांना नवं स्वयंपाकघर दाखवणार होती.

संक्रांतीचा दिवस. तुमची मराठी मंडळी दर वर्षीप्रमाणे बस करून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला निघालेली. आई सकाळी सातलाच शेजारच्या काकूंकडे गुळाच्या पोळ्या लाटायला गेली आहे. तुम्ही मफलर गुंडाळताना मला सांगताय, "संध्याकाळी कॉम्प्रेसर परत द्यायचाय, त्याला हात लावू नकोस." तुमची पाठ वळते आणि मी गन भरते. आईला खूश करायचं होतं, हे खरं. आपल्यालाही येतं हे तुम्हाला दाखवायचं होतं, हे जास्त खरं. हात इतका छान बसला, बाबा! ओली असताना दारं आरशासारखी दिसत होती. मग माझ्या डोळ्यांदेखत एकेक दार पांढुरकं होत गेलं, तापल्या दुधावर साय धरावी तसं. मी फडक्याने पुसलं, फुंकर मारली, कपाटासमोर शेगडी आणून ठेवली. शेगडी आणि थिनर! घर पेटलं नाही हेच नशीब.

दिवेलागणीला आई आली आणि कपाटांसमोर उभी राहिली. "हे काय झालं?" मी फडक्याला हात पुसत होते. तेवढ्यात तुम्ही आलात, बूट काढता काढता दारांकडे पाहिलंत, मग माझ्या हातांकडे. आणि अगदी सहज म्हणालात, "सकाळी जायच्या आधी मीच एक हात मारला. म्हटलं, तुझ्या शुक्रवारपर्यंत होऊन जाईल." आई तुम्हाला काय काय बोलली! स्वतःच होळीनंतर म्हणता आणि स्वतःच घाई करता, लहान मुलासारखं. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. नंतर अंगणात मला एवढंच म्हणालात, "गन धुतली नाहीस. नॉझल आत सुकलंय." आणि सुई घेऊन साफ करत बसलात. मला वाटलं, आता रागवाल, मग रागवाल. तुम्ही कधीच रागावला नाहीत.

शुक्रवारी बायका आल्या. एकीने विचारलंच, "अय्या, हा पांढरा रंग मुद्दाम दिलात?" आई हसून म्हणाली, "आमच्या ह्यांची घाई, दुसरं काय." मी वाण म्हणून कुंकवाच्या डब्या वाटत होते, वाटत राहिले. होळीनंतर एका कोरड्या दुपारी तुम्ही नुसतं थिनर फवारून ते पांढरं उडवलंत, दारं पुन्हा लख्ख झाली. आईचं वाक्य मात्र राहिलं. दूध उतू गेलं, गाडी चुकली, चुकीचा फॉर्म भरला, प्रत्येक वेळी 'ह्यांची घाई'. उभ्या जन्मात ज्या माणसाने एक स्क्रूसुद्धा घाईने पिळला नाही, त्याला! तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलेल्यांनाही तिने ते कौतुकाने सांगितलं, "इतकी घाई की माझ्यासाठी थांबलेसुद्धा नाहीत." मी तिथेच बसले होते, बाबा.

काल नमुन्यांचे चारही तुकडे तिच्याकडे घेऊन गेले. वाळलेले आहेत, म्हटलं बघू तरी. मेलामाइनचा तुकडा पलंगाजवळ नेताच तिला खोकला आला, तो थांबायला बराच वेळ लागला. मी चारही बाल्कनीत टाकून आले आणि तिच्याजवळ बसून रडले, लपवलं नाही. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "असू दे. होईल सावकाश. घाई करू नकोस, ह्यांच्यासारखी."

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं. तुम्ही पानिपतला गेल्यावर मी गन भरली, मी मारला तिसरा हात, तू ओरडलीस तेव्हा मी गप्प बसले. ती ऐकत होती, मशीन घरघरत होतं. मग ती हसली. "चल! तू कशाला मारतेस? तुला तेव्हा गन धरता तरी येत होती का?"

"येत होती, आई. बाबांनीच शिकवली होती."

"त्यांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. ह्यांनी कधी खोटं बोललेलं मी ऐकलं नाही." थोडा दम खाऊन पुढे म्हणाली, "पहिल्यापासून बापाची बाजू घेतेस. अजून त्यांच्यावर पांघरूण घालतेस. गुणाची आहेस."

मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा सांगितलं असतं, पण तिला धाप लागली होती.

आज सकाळी दारं तशीच लावली, कोरी. काही मारलं नाही. आईला खुर्चीत बसवून, मशीन मागून ढकलत स्वयंपाकघरात आणलं. तिने एका दारावरून तळवा फिरवला. "गुळगुळीत झालीत. पण चमकत नाहीत गं." मी म्हटलं, होळीनंतर उतरवून मारीन. ती म्हणाली, "बिल्कुल. होळीनंतर बघायला येते परत." आणि मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? दुपारी भाजी टाकताना माझ्याच हाताची हळद एका दाराला लागली, कोऱ्या लाकडात लगेच शिरली. पुसून निघत नाही.

हे पत्र गनच्या डब्यात ठेवणार आहे, पाठवायचं तरी कुठे. एक तेवढं राहिलं, सांगून टाकते. आईने विश्वास ठेवला नाही, म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. बाबा, मला बरं वाटलं.