पायरी गेली

१७ ऑगस्ट
ली-ह्वाच्या व्यायामशाळेतून पुन्हा फोन. जिना चढायचं तिसरं यंत्र मध्येच लोड सोडतं. माणसाच्या वजनाने पायऱ्या खाली सरकतात, ब्रेक त्यांना आवरून धरतो. तो सुटला की पायऱ्या पळतात. मे महिन्यात याच यंत्रावर वेन आजी पडली, खुबा मोडला. दुरुस्तीवाला मीच; तपासून लिहून दिलं — यंत्र निर्दोष, चक्कर आली असावी. माझ्या सहीवर ताइचुंग शहरात कोणी शंका घेत नाही.

१८ ऑगस्ट
पट्टा ताठ. मोटरचे कार्बन ब्रश अर्धे शिल्लक. ब्रेकची तार मीटर लावून मोजली — बरोबर. दोष नाही! ली-ह्वा म्हणाली, चांद्र सातवा महिना आहे, 'चांगले भाऊ' चढत असतील. या महिन्यात मोकळ्या फिरणाऱ्या भुतांना भूत म्हणत नाहीत. मी म्हटलं, भावांना सांग, बूट पुसून चढा.
यंत्राने गुणी राहावं म्हणून, इथले सगळे कारागीर लावतात तसं, मागच्या जाळीवर खाऊचं पाकीट नवं चिकटवलं. हिरवंच, यंत्राच्या चालू दिव्याच्या रंगाचं, मुदत न संपलेलं. पिवळं चालत नाही. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही, पण असल्या बाबतीत कधी चुकलो नाही.

२० ऑगस्ट
बाजारात वेन आजीचा मुलगा भेटला. म्हणाला, आईला पुढच्या रविवारी वृद्धाश्रमात ठेवतोय. चक्कर येणाऱ्या बाईला एकटं कसं ठेवायचं? ती ऐकत नव्हती, म्हणून माझा कागद दाखवला. "म्हणते, चक्कर नाही, पायरी गेली."
दिवसभर कानात पायऱ्या धावतायत.

२१ ऑगस्ट
फरशीवर पाय टेकतानाही दचकतो.

२३ ऑगस्ट
स्वतः चढलो. थांबायचं नाही, ठरवून. बेचाळिसाव्या मिनिटाला पायरी गेली. कठडा धरला म्हणून वाचलो.
जाळीला हात लावला — चटका. झाकण काढून तार गरम असतानाच मोजली. जोड सुटलेला! गार झाल्यावर आपोआप जुळला. मी नेहमी गार यंत्रच मोजत आलो.
त्या जोडाची कारखान्याची पिन मला पटली नव्हती. ती कापून सोल्डरचा डाग मीच दिला होता, आजी पडण्याच्या आधीच. आणि जाळीची हवा अडवली त्या पाकिटाने. तेही मीच लावलेलं, मे महिन्यातही.
चांगले भाऊ कोणी नव्हते. मीच होतो.

२४ ऑगस्ट
जुना कागद खोटा, असं लिहायला बसलो. तीनदा फाडला. पहिल्याच ओळीत 'मी' येतो. रविवारला तीन दिवस.

२६ ऑगस्ट
गेलो. कापलेला जोड आजीच्या तळहातावर ठेवला, सगळं सांगितलं.  मुलगा म्हणाला, आई इथेच राहील.
आजीने जोड मला परत दिला. "उशीर केलात, उस्ताद. आता खरंच येते चक्कर. जिना नुसता दिसला तरी. जाऊ दे मला उद्या आश्रमात."